पसंतीक्रमाचा फॉर्म रिकामा का राहिला?

पत्र (थोडक्यात) : माझे यजमान डेंटिस्ट आहेत, वय ५४. अठ्ठावीस वर्षं स्वतःचा दवाखाना चालवतात. आता मानेचा त्रास सुरू झालाय. मुलाने दोनदा नीट (मेडिकल-डेंटलची प्रवेशपरीक्षा) दिली. २०२४ ला २९२ आणि २०२५ ला ३३९ मार्क पडले. मुलगा हुशार आहे, पण निष्काळजी आहे. यंदा राज्याच्या प्रवेशप्रक्रियेत नाव नोंदवलं, कागदपत्रं अपलोड केली आणि बीडीएसच्या (दंतवैद्यकाच्या पदवीच्या) कॉलेजांचा पसंतीक्रम भरायचाच राहून गेला. ह्यांनी तीन वर्षांपूर्वी कर्ज काढून त्याच्यासाठी दुसरी डेंटल चेअर घेऊन ठेवली आहे. तिच्यावरचं प्लास्टिकसुद्धा अजून काढलेलं नाही. एक ओळखीचे म्हणतात, मॅनेजमेंट कोट्यात आत्ता पैसे भरून ठेवा, नीटचं नंतर बघता येईल. पण ह्यांचं म्हणणं, तिसऱ्यांदा बसवू. त्याची ओएमआर (गोल काळे करून भरलेली उत्तरपत्रिका) आणि उत्तरसूची सोबत जोडली आहे. कोणता क्लास लावावा? फी सोमवारपर्यंत भरायची आहे.

ताई, नमस्कार.

तुमचं पत्र तीन वेळा वाचलं. तुम्ही क्लासबद्दल विचारलंय, पण माझी नजर दर वेळी एकाच वाक्यावर अडकली : पसंतीक्रम भरायचाच राहून गेला.

असं राहून जात नाही हो. नोंदणीचे पैसे त्याने भरले. जातीचे, अधिवासाचे, बारावीचे कागद स्कॅन करून चढवले. ही किती किचकट कामं असतात ते दर वर्षी माझ्याकडे येणाऱ्या मुलांकडून मी ऐकते. एका कागदावर शिक्का पुसट आला म्हणून मुलं दोन-दोन दिवस धावतात. हे सगळं त्याने नीट केलं आणि ज्या पानावर फक्त कॉलेजांची नावं क्रमाने लावायची होती, ते पान सोडून दिलं. निष्काळजी मुलगा आधीच्या पायरीवरच अडला असता. तुमच्या मुलाने त्या पानापर्यंत येऊन हात आखडता घेतलाय. मला तरी ते उत्तर वाटतं, आणि घरात तोंडाने देता येत नाही म्हणून त्याने ते तसं दिलंय.

आता मार्कांकडे बघू, म्हणजे मी हे हवेत बोलत नाही हे कळेल. २०२५ साली खुल्या गटासाठी नीटमध्ये पात्र ठरायला ७२० पैकी १४४ मार्क लागले. तुमच्या मुलाला ३३९ आहेत. पात्रतेची अट ५० पर्सेंटाइलची, म्हणजे परीक्षा दिलेल्या निम्म्या मुलांच्या पुढे असण्याची आहे. तिलाच ५० टक्के मार्क समजून पुष्कळ पालक ३६० च्या खाली आलेल्या मुलाला नापास ठरवतात. तुमच्या पत्रातही 'दोनदा अपयश' असा सूर आहे. तो नापास नाही. दोन्ही वर्षी तो पात्र होता. सरकारी डेंटल कॉलेज या मार्कांवर अवघड आहे हे खरं, पण खासगी कॉलेजांचे पर्याय भरून बघायला कुणाची हरकत होती? जागा मिळाली असती की नाही हा प्रश्न पुढचा. त्याने विचारूनच बघितलं नाही. म्हणजे गाडी मार्कांपाशी अडलेली नाही, आणि मार्क वाढवणारा क्लास लावून ती पुढे सरकेल असं मला वाटत नाही.

त्या खुर्चीबद्दल बोलते. राग मानू नका.

तो बारावीलासुद्धा पोहोचला नव्हता तेव्हा ती आली. तिचा हप्ता दर महिन्याला जातो, घरात त्याचा उल्लेख होत असणारच. तीन वर्षं तो मुलगा एक न वापरलेली, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली खुर्ची बघतोय आणि ती आपल्यासाठी थांबली आहे हे त्याला ठाऊक आहे. सतरा-अठराव्या वर्षी एवढं ओझं डोक्यावर घेऊन कुणी फिजिक्सची गणितं सोडवू शकेल का? तुम्ही प्रेमानेच केलंत, डॉक्टरांनीही प्रेमानेच केलं, यात मला तिळमात्र शंका नाही. पण खुर्ची आणायच्या आधी त्याला विचारलं होतं का? तुमच्या चार पानी पत्रात त्याला काय आवडतं, तो कशात रमतो, याबद्दल एक ओळसुद्धा नाही. डॉक्टरांच्या मानेबद्दल अर्धं पान आहे.

त्या अर्ध्या पानाचाही मी गंभीरपणे विचार केला, कारण तो त्रास खरा आहे. वर्षानुवर्षं एका बाजूला वाकून, मान तिरकी करून, तोंडातल्या दोन-चार मिलिमीटरच्या जागेत काम करायचं. मान आणि कंबर हे या व्यवसायाचं जुनं दुखणं आहे. मुलगा येईल, निम्मे पेशंट घेईल, मग आपल्याला थोडं बसता येईल, ही डॉक्टरांची आशा मला समजते. फक्त हिशोब मांडून बघा. समजा २०२६ ला प्रवेश मिळाला. बीडीएसची चार वर्षं, वर एक वर्ष इंटर्नशिप, म्हणजे २०३१. तेव्हा डॉक्टर साठ वर्षांचे असतील. आज नुसत्या बीडीएसवर मुलं थांबत नाहीत. नीट एमडीएस देऊन पदव्युत्तर शिक्षणाची आणखी तीन वर्षं धरली तर २०३४, डॉक्टर त्रेसष्ट. आज दुखणाऱ्या मानेवर नऊ वर्षांनी मिळणारा हा उपाय आहे! मान आज दुखतेय, तर उपायही आजच करायला हवा. दुसऱ्या खुर्चीवर एखादा तरुण बीडीएस असोसिएट ठेवा. किंवा दात सरळ करणारे ऑर्थोडाँटिस्ट, रूट कॅनॉलवाले एंडोडाँटिस्ट आठवड्यातून ठरावीक वारी बोलवा. अनेक दवाखाने असेच चालतात. खुर्चीचा हप्ता खुर्चीच फेडेल. पुढे दवाखाना कुणाला द्यायचा, हा प्रश्न डॉक्टरांनी व्यवसायाचा म्हणून सोडवावा. तो मुलाच्या ॲडमिशनला बांधून ठेवला तर दवाखानाही अडेल आणि मुलगाही.

'लहानपणापासून दवाखान्यातच वाढलाय, त्याला सगळं माहीत आहे' असंही तुम्ही लिहिलंय. त्याला काय माहीत आहे याचा कधी विचार केलात? वेटिंगमधला बाक. आतून येणारा एअरोटरचा, दात कोरायच्या यंत्राचा आवाज. रात्री साडेनऊला जेवायला येणारे बाबा, मानेला पट्टा लावून बसलेले बाबा, रविवारी दाढ ठणकली म्हणून दार वाजवणारे पेशंट. दंतवैद्याला काम करताना जो आनंद मिळतो, तो त्याने कुठे पाहिला असेल? तो पेशंटच्या तोंडात, दिव्याखाली असतो. बाकावरून दिसत नाही.

आता त्या ओळखीच्या गृहस्थांच्या सल्ल्याकडे वळते. इथे मी स्पष्टच बोलणार आहे, कारण यात लोकांची आयुष्यभराची कमाई बुडते. नीटशिवाय बीडीएसला प्रवेश नाही. सरकारी, खासगी, अभिमत, मॅनेजमेंट, एनआरआय, कुठल्याही दारातून जा, त्या वर्षीच्या नीटमध्ये पात्र असावंच लागतं. २०२०-२१ साली देशभर बीडीएसच्या हजारो जागा रिकाम्या राहिल्या, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने पात्रता १० पर्सेंटाइलने खाली आणली गेली. पण तेव्हाही नीट दिलेल्या मुलांमधूनच जागा भरल्या, परीक्षा कुणाला माफ झाली नाही. राज्यातले प्रवेश राज्याच्या सीईटी सेलच्या फेऱ्यांतून होतात, अभिमत विद्यापीठांचे केंद्राच्या एमसीसी या समितीच्या फेऱ्यांतून, आणि खासगी कॉलेजांची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवून जाहीर करतं. या दोन रस्त्यांबाहेर कुणी आगाऊ पैसे मागत असेल तर तो तुम्हाला फसवतोय. आणि तुमचा मुलगा पात्र असताना तुम्ही असल्या माणसाच्या वाटेला का जावं? त्या गृहस्थांचा फोन पुन्हा आला तर घेऊ नका.

'आम्ही बारावीला नेटाने अभ्यास केला, झालं' हे डॉक्टरांचं वाक्य तुम्ही अवतरणात दिलंय. त्यांच्या वेळी आपल्याकडे बारावीच्या मार्कांवर प्रवेश व्हायचे. आता बारावीचे पीसीबीचे (फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजीचे) मार्क खुल्या गटात ५० टक्के असले की पुरे, बाकी सगळी रँक नीटवर. १८० मिनिटांत १८० प्रश्न, आणि चुकलं की एक मार्क कापला जातो. दोन्ही परीक्षा कठीणच, पण जात वेगळी. आपल्या वेळच्या नेटाची फूटपट्टी मुलाला लावू नये, एवढं माझ्या वतीने त्यांना सांगा.

मग करायचं काय? आधी त्याच्याशी बोला. डॉक्टर नकोत, तुम्हीही शक्यतो नको. मामा, काका, एखादी मोठी मावसबहीण, ज्याच्यापुढे तो मोकळा होतो असं कुणीतरी. 'डेंटिस्ट व्हायचंय का?' असं विचारू नका, त्यावर तो 'हो' म्हणेल. 'फॉर्मवर काय झालं?' एवढंच विचारा आणि थांबा. तो बराच वेळ गप्प बसेल. बसू द्या.

त्याला कदाचित दंतवैद्यक हवं असेल, बाबांचा दवाखाना नको असेल. असंही असतं. तसं वाटलं तर त्याला आठवडाभर एखाद्या डेंटल कॉलेजच्या ओपीडीत, परवानगी काढून, नुसतं बघायला पाठवा. ते कॉलेज बाबांच्या ओळखीतलं नसावं. पहिल्या वर्षाची मुलं मेणाच्या ठोकळ्यातून दात कोरत असतात तिथे उभं राहू द्या. बोटाएवढ्या मेणातून दाढेचे उंचवटे आणि खाचा काढायच्या, जरा जास्त खरवडलं की पुन्हा नवा ठोकळा. नीटची परीक्षा ही गोष्ट तपासतच नाही. तिथे फक्त गोल काळे करायचे. हातांना हे काम आवडतंय का, हे असं जवळून पाहिल्यावरच कळतं. माझ्याकडे एक मुलगी आली होती, उत्तम मार्कांची. असं एक वर्कशॉप बघून आली आणि म्हणाली, मला इतकं लहान काम दिवसभर करवणार नाही. तिचा मी फार आदर करते.

आणि हे सगळं झाल्यावर तो स्वतःहून म्हणाला की मला पुन्हा बसायचंय, तर त्याची ओएमआर मी तपासली आहे. बायोलॉजीत ६६ बरोबर, २२ चूक. केमिस्ट्रीत २० बरोबर, १८ चूक. फिजिक्समध्ये १५ बरोबर आणि २५ चूक! नुसत्या चुकांनी ६५ मार्क गेलेत. २०२५ चा फिजिक्सचा पेपर अवघड होता हे मान्य, पण २५ चुका म्हणजे मुलगा पेपर सोडवत नव्हता, गोल भरत होता. यावर क्लासपेक्षा एक वही जास्त कामाची. दर आठवड्याला दुपारी दोन ते पाच पूर्ण पेपर पेनाने, ओएमआरवर सोडवायचा, आणि प्रत्येक उत्तरापुढे खूण करायची : नक्की येतंय, दोन पर्यायांत शंका आहे, काहीच कळलं नाही. तिसऱ्या खुणेच्या प्रश्नाला हात लावायचा नाही. दुसऱ्या खुणेच्या प्रश्नांत आपलं किती बरोबर येतं, ते महिनाभर मोजायचं. फिजिक्समध्ये अकरावीचं यांत्रिकी पक्कं केल्याशिवाय पुढे जाऊ नये. बायोलॉजीसाठी एनसीईआरटीची पाठ्यपुस्तकं, ओळ न् ओळ. तो स्टेट बोर्डाचा असेल तर हे विशेष. एवढं पुरे, बाकी त्याला येतं.

मात्र पुढचं वर्ष नुसतं घरी बसून काढू नका. वयाची वरची मर्यादा नाही, प्रयत्नांची मर्यादा नाही, नीट बी.एस्सी. करतानाही देता येते. एखाद्या कॉलेजात अजून जागा असेल तर तिथे, नाहीतर मुक्त विद्यापीठात नाव घाला. सकाळी घराबाहेर पडायला कारण हवं, आपल्या वयाची चार मुलं भेटायला हवीत. दोन वर्षं एका खोलीत, भिंतीवर वेळापत्रक लावून काढलेल्या मुलाला आणखी एक वर्ष त्याच खोलीत कोंडायला माझं मन तयार होत नाही. आणि तो 'नाही' म्हणाला, तर तेही एका वाक्यात स्वीकारा. बी.फार्म आहे, मायक्रोबायोलॉजी आहे, विज्ञान सोडूनही रस्ते आहेत. त्याबद्दल मला त्याने लिहावं, मी सविस्तर उत्तर देईन.

अजून एक. तो गप्प गप्प राहतो, जेवत नाही, रात्री जागतो, असं तुम्ही पत्राच्या शेवटी, जाता जाता लिहिलंय. खरं तर ते पहिल्या ओळीत यायला हवं होतं. दोन आठवड्यांहून अधिक असंच चाललं असेल तर त्याला डॉक्टरांकडे न्या, मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यावं लागलं तरी संकोच नको. १४४१६ हा सरकारचा टेली-मानस हेल्पलाइन क्रमांक आहे. तिथे मराठीतही बोलता येतं, फुकट, दिवसरात्र केव्हाही. त्याच्या फोनमध्ये तो सेव्ह करून ठेवा आणि तुमच्याही.

सोमवारची फी भरू नका. बॅच भरली असं क्लासवाले दर आठवड्याला सांगतात. पंधरा दिवसांनी गेलात तरी जागा मिळेल. आणि शक्य झालं तर या रविवारी, कुणाला न सांगता, त्या दुसऱ्या खुर्चीवरचं प्लास्टिक तेवढं काढून टाका. सोमवारी डॉक्टरांनी तिच्यावर त्यांचा पुढचा पेशंट बसवू दे.