नर्सिंगच्या विद्यार्थ्यांची क्लिनिकल कौशल्यं तपासताना चेकलिस्टवर किती भरवसा ठेवावा?

तुम्ही लिहिलंय की ट्यूटर म्हणून नुकत्याच रुजू झालात, फर्स्ट आणि सेकंड इयरची इंटर्नल प्रॅक्टिकल तुमच्याकडे आली आहे, आणि छापील चेकलिस्टप्रमाणे गुण दिले की जवळपास सगळ्यांनाच २० पैकी १८-१९ पडतात. मग हाताने पक्की कोण आणि नुसती पाठ करून आलेली कोण, हे ओळखायचं कसं? मी हेच काम बरीच वर्षं करते आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

चेकलिस्ट टाकून देऊ नका. ती नसताना एकीच्या वाट्याला टेम्परेचर यायचं, दुसरीच्या वाट्याला कॅथेटर (लघवीची नळी) घालणं, आणि गुण परीक्षकाच्या मर्जीवर. याच कटकटीवर स्कॉटलंडमधल्या डंडीत रोनाल्ड हार्डन आणि सहकाऱ्यांनी वैद्यकीय विद्यार्थ्यांसाठी ऑस्की काढली, म्हणजे वेगवेगळ्या टेबलांवर (स्टेशनांवर) एकेक कौशल्य तपासणारी परीक्षा. १९७५ साली ती ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आली. सगळ्यांना तीच स्टेशनं, तेवढीच मिनिटं, तेच परीक्षक. आपल्याकडे इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या २०२१ च्या सुधारित बीएस्सी अभ्यासक्रमात प्रॅक्टिकलसाठी ऑस्की आणि डीओपी, म्हणजे प्रत्यक्ष काम करताना बघून गुण देणं, दोन्ही आहेत. दोन्ही का ठेवलीत ते पुढे येईलच.

तुमच्या १८-१९ चं कारण चेकलिस्टच्या गणितात आहे. कॅथेटरायझेशनच्या २० पायऱ्यांना २० गुण. पडदा लावला १, मॅकिंटॉश (रबरी चादर) घातला १, कॅथेटर स्टराईल ठेवला १. आता एखादीने सगळं नीटनेटकं केलं, पण कॅथेटरचं टोक मांडीला लागलं आणि तोच आत घातला. तिला १९ मिळतात! रुग्णाला मात्र त्या एका पायरीने युरिनरी इन्फेक्शन होऊ शकतं. पायऱ्यांचे गुण सारखे असले तरी त्यातला धोका सारखा नसतो. म्हणून प्रत्येक प्रोसिजरमध्ये दोन-तीन पायऱ्यांवर लाल खूण करा. लाल पायरी चुकली की बाकीचे गुण कितीही असोत, ते स्टेशन पुन्हा द्यायचं. हा नियम परीक्षेच्या दिवशी नाही, डेमॉन्स्ट्रेशनच्या दिवशीच मुलांना सांगून ठेवायचा.

याला मी एकच सवलत ठेवते. ग्लोव्ह कुठेतरी टेकला आणि विद्यार्थिनी स्वतःहून म्हणाली, "मॅडम, ग्लोव्ह अनस्टराईल झाला, बदलते," तर तिचा एकही गुण कापत नाही. जी इकडेतिकडे बघते आणि कुणी पाहिलं नाही असं समजून पुढे जाते, तिची मला खरी काळजी वाटते, कारण रात्रपाळीला तिच्याजवळ बघायला कोणीच नसणार. बाहेरून येणाऱ्या काही परीक्षकांना (एक्स्टर्नलना) ही सवलत पटत नाही, पण मी यावर ठाम आहे.

बीपीचं स्टेशन सगळ्यांना सोपं वाटतं आणि तिथेच सगळ्यात जास्त थापा पचतात. मुलगी कफ बांधते, कानाला स्टेथो लावते, सांगते १२०/८०. तुम्ही काय पडताळणार? दोघांना एकदमच ऐकू येईल असा दोन जोड इअरपीसचा टीचिंग स्टेथोस्कोप मिळतो, कॉलेजकडे मागणी टाका. तो येईपर्यंत एक साधी युक्ती: डायलवर किंवा पाऱ्याच्या यंत्रावर खुणा २-२ मिमीच्या असतात. कोणी १२५/७५ सांगितलं की तो आकडा यंत्रावर वाचलेला नाही, अंदाजाने ठोकलेला आहे. आधी नाडीवर बोट ठेवून सिस्टोलिक (वरचा आकडा) चाचपलं का, आणि हवा सेकंदाला २-३ मिमी अशी हळू सोडली का, हेही बघा. घाईने सोडलेल्या कफवर बरोबर आकडा येणं हा योगायोग असतो.

सलाईनचंही तसंच. ५०० मिली ८ तासांत, सेटला मिलीमागे २० थेंब, तर मिनिटाला किती? पाटीवर २१ सगळेच लिहितात. मग स्टँडला बाटली लटकवून म्हणा, "लाव आता २१ ला." रेग्युलेटर फिरवताना घड्याळाकडे बघणारी किती निघतात ते मोजा.

औषधाच्या स्टेशनवर मी कान जास्त वापरते. "तुम्ही शांताबाई ना?" असं विचारलं तर आपल्या वॉर्डातली निम्मी माणसं सिस्टरला बरं वाटावं म्हणून "हो" म्हणतात, शेजारच्या बेडवरची शांताबाई असली तरी. "आजी, तुमचं पूर्ण नाव सांगा" असं विचारून केसपेपरशी ताडून बघणं ही माझी लाल पायरी आहे. अ‍ॅलर्जी विचारणं ही दुसरी.

आता ऑस्कीची मर्यादा. तिथे रुग्ण तुकड्यातुकड्यांत येतो: या टेबलावर हात, त्या टेबलावर मॅनिकिनचं पोट. खऱ्या वॉर्डात सकाळी सहा पेशंट एकदम हाक मारतात. म्हणून एक स्टेशन कागदाचं ठेवा. बेड ३ ला बेडपॅन हवंय, बेड ५ चं सलाईन संपत आलंय, बेड ७ चे नातेवाईक चिडलेत, आणि बेड ९ ला साडेसातला इन्सुलिन दिलंय, नाश्ता तसाच पडलाय, त्यांना दरदरून घाम सुटलाय. आधी कुठे जाशील? गंमत म्हणजे प्रोसिजरमध्ये पहिली येणारी मुलगी इथे बऱ्याचदा बेड ७ कडे पळते, कारण आवाज तिकडून येत असतो. बरोबर उत्तर बेड ९, कारण तिथे रक्तातली साखर उतरली असणार; पण बेड ९ म्हटल्यावरही थांबू नका, "जाऊन काय करशील?" विचारा. ग्लुकोमीटर, शुद्धीवर असतील तर साखरेचं पाणी, आणि इनचार्ज सिस्टरांना कळवणं, एवढं सलग आलं पाहिजे.

बाकीचं वॉर्डातच कळतं. जॉर्ज मिलर यांनी १९९० मध्ये कौशल्याच्या चार पायऱ्या मांडल्या होत्या: माहीत असणं, कसं करायचं हे माहीत असणं, करून दाखवणं आणि रोजच्या कामात खरोखर करणं. ऑस्की तिसरीपर्यंत पोचते, चौथीसाठी डीओपी. त्यासाठी परीक्षेच्या दिवसाची वाट बघू नका. पोस्टिंगमध्ये एखाद्या साध्या मंगळवारी दुरून बघा की दोन पेशंटच्या मधे हात स्वच्छ केले का. हँडरबला २० ते ३० सेकंद पुरतात, तरी गर्दीच्या वेळी सगळ्यात आधी तेच गळतं. लॉगबुकवरच्या सह्यांवर मात्र विसंबू नका. पोस्टिंगच्या शेवटच्या दिवशी एका बैठकीत पन्नास सह्या होतात, हे तुम्हीही विद्यार्थिदशेत पाहिलं असेल.

निःपक्षपणाबद्दल थोडक्यात. इंटर्नल आणि एक्स्टर्नलने आपापले गुण आधी लिहून टाकावेत, चर्चा नंतर. ऑस्की देऊन बाहेर पडलेल्या मुलांना वाट बघणाऱ्यांशी बोलू देऊ नका, फोन आधीच जमा करा. आणि व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा, मराठीत देऊ द्या. "व्हॉट आर द इंडिकेशन्स" ला अडखळणारी मुलगी हेच पेशंटच्या मुलाला सुंदर समजावून सांगते, आणि तिला आयुष्यभर त्याच्याशीच बोलायचं आहे.

लाल खुणा कुठे करायच्या हे एकट्याने ठरवू नका. चेकलिस्ट घेऊन वॉर्डच्या इनचार्ज सिस्टरांकडे जा. त्या तीन-चार पायऱ्या "हे कोण बघतं?" म्हणून खोडतील आणि पुस्तकात हरवलेली एखादी वर आणतील. आमच्या इंजेक्शनच्या यादीत शेवटची लाल पायरी अशीच आली: सुईला पुन्हा टोपण न लावता ती थेट पांढऱ्या शार्प्सच्या डब्यात गेली का.