‘कुटुंब वारले’ म्हणजे कोण वारलं?

प्रश्न असा आला आहे: प्लेगच्या दिवसांतल्या मुंबईच्या एका वर्तमानपत्रात, एका गृहस्थांचे ‘कुटुंब’ प्लेगने वारले आणि त्यांच्या मागे तीन मुले आहेत, अशा अर्थाची बातमी वाचली. सगळं कुटुंबच गेलं, तर मुलं मागे कशी?

सगळं घर गेलेलं नाही, त्या गृहस्थांची बायको गेली. त्या काळी ‘कुटुंब’ शब्दाचा बायको हा अर्थ सर्रास चाले आणि मोल्सवर्थच्या जुन्या मराठी-इंग्रजी कोशातही तो आहे. शब्द नपुंसकलिंगी, म्हणून क्रियापदही तसंच. ‘कुटुंब आले’, ‘कुटुंब आजारी आहे’, इतकंच काय, ‘कुटुंब बाळंत झाले’! हे शेवटचं वाक्य भेटलं की शंकेला जागाच उरत नाही. ‘प्रथम कुटुंब’, ‘द्वितीय कुटुंब’ असे क्रमांक दिसले तरी तेच. पहिली बायको वारल्यावर वर्षाच्या आत दुसरं लग्न करणारे पुष्कळ होते, त्यामुळे हे क्रमांक जुन्या चरित्रांत वरचेवर येतात. याउलट ‘कुटुंबातील माणसे’ किंवा ‘कुटुंबातील मंडळी’ असेल तर आजचाच अर्थ घ्यावा. नुसत्या ‘मंडळी’पासून मात्र सांभाळून, कारण ‘आमची मंडळी’ म्हणजेही पुष्कळदा एकटी बायकोच.

नवराबायकोने एकमेकांचं नाव घ्यायचं नाही, ही रीत यामागे आहे. बायको ‘इकडून येणं झालं’ म्हणे, नवरा ‘घरी विचारतो’ म्हणे. चारचौघांत बायकोचा उल्लेख करायचा तर तो अख्ख्या घराच्या नावाने. वर्तमानपत्रांनी तोच शिष्टाचार छापला. पण त्यामुळे नवरा ‘रा. रा.’ (राजमान्य राजेश्री) लावून पूर्ण नावानिशी छापला जाई आणि मेलेल्या बाईचं नाव बातमीत कुठेच नसे. आदराची रीत म्हणून ती सांगितली जाते, मला त्यात आदर कमी आणि बाईला पुसून टाकणंच जास्त दिसतं.

हा अर्थ पुरता गेलेलाही नाही. लग्नपत्रिकेत आपण ‘सहकुटुंब सहपरिवार’ छापतो. कुटुंब म्हणजे परिवारच असेल, तर दोनदा कशाला? ‘सहकुटुंब’ म्हणजे पत्नीसह आणि ‘सहपरिवार’ म्हणजे बाकीच्या गोतावळ्यासह. (हा अर्थ धरून ‘वसुधैव कुटुम्बकम्’ वाचू नये, भलताच घोटाळा होईल.)

मुंबईत तर शब्द बदलला आणि अर्थ तसाच राहिला. कोकणातून, घाटावरून गिरणीत आलेला माणूस खोलीत दहाजणांबरोबर राही, खाणावळीत जेवे आणि विचारलं तर ‘कुटुंब गावी आहे’ म्हणे. आज त्याच जागी ‘फॅमिली गावाला आहे’ हे वाक्य ऐकू येतं. ‘फॅमिलीला दवाखान्यात नेलंय’ म्हणणाऱ्याच्या घरचे सगळे आजारी नसतात. इराण्याच्या हॉटेलातली ‘फॅमिली रूम’ही त्याच वळणाची. बरोबर बाईमाणूस असेल त्यांच्यासाठी ती, नुसत्या पुरुषांसाठी नाही, मग ते कितीही जवळचे नातेवाईक असोत.

लेखी मराठीतून हा अर्थ मागे पडला, त्याला माझ्या मते सरकारी मराठीचाही हातभार आहे. र. धों. कर्वे यांनी 1921 साली मुंबईत गर्भनिरोधनाचा सल्ला देणारं केंद्र काढलं तेव्हा त्यांचा शब्द ‘संततिनियमन’ होता. स्वातंत्र्यानंतर, 1952पासून, सरकारी कार्यक्रम आला आणि ‘कुटुंबनियोजन’ भिंतीभिंतीवर रंगलं. आईबाप आणि मुलं, हाच ‘कुटुंबा’चा अर्थ मग ठळक झाला.

एक अडचण मात्र राहते, अनेकवचनाची. 1896 साली मुंबईच्या मांडवी भागात प्लेग निघाला आणि लोक मुंबई सोडू लागले. त्या वेळच्या मजकुरात ‘लोकांनी कुटुंबे गावी पाठवली’ असं वाक्य आलं, तर त्या बायका की बायकामुलं? मी बायकामुलं असाच अर्थ घेईन. आईला बोटीत बसवून पोरांना चाळीत कोण ठेवून घेणार?