एमआरआय नॉर्मल, मग पार्किन्सन कसा?

प्रश्न : माझ्या वडिलांचं वय ६६. वर्षभरापासून उजवा हात थरथरतो, बटणं लावायला वेळ लागतो. डॉक्टरांनी नुसतं हात हलवायला आणि चालायला लावून पार्किन्सन सांगितला. एमआरआय मात्र नॉर्मल आला. हे निदान खरं मानायचं का? पाठीतलं पाणी काढून करायची नवी तपासणी निघाली आहे म्हणे, ती करावी का? लेव्होडोपाची गोळी दिली आहे, पण ‘आत्ताच संपवली तर पुढे काय घेऊ?’ म्हणून बाबा ती घेतच नाहीत.

उत्तर : पार्किन्सनमध्ये एमआरआय सहसा नॉर्मलच येतो. मेंदूत गाठ, पक्षाघाताचे जुने झटके किंवा साठलेलं पाणी तर नाही ना, एवढंच बघायला आम्ही तो काढतो. डोपामिन, म्हणजे हालचाली सुरळीत ठेवणारं मेंदूतलं रसायन, बनवणाऱ्या पेशी मरत चालल्या आहेत हे नेहमीच्या एमआरआयला दिसत नाही. १८१७ साली जेम्स पार्किन्सन यांनी सहा रुग्णांवरून हा आजार मांडला, त्यातले काही तर त्यांनी फक्त रस्त्यात पाहिलेले होते. आजही निदान मुख्यतः डोळ्यांनीच होतं. रुग्ण दारातून खुर्चीपर्यंत येतो तेव्हा एक हात झुलतो आणि दुसरा अंगाला चिकटून राहतो का, हे मी पाहतो. मग अंगठ्यावर तर्जनी भराभर टेकवायला लावतो. दहाव्या वेळेपर्यंत बोटांतलं अंतर आक्रसत जातं. जुनी सही मागतो, आताच्या सहीशी ताडून बघायला. झोपेत हातपाय झाडतात का, नाकाला वास कळतो का, बद्धकोष्ठ कधीपासून, हे घरच्यांना विचारतो. ‘त्याचा इथे काय संबंध?’ असा चेहरा होतो त्यांचा. पण या गोष्टी कित्येकदा थरथरीच्या बऱ्याच वर्षं आधी सुरू झालेल्या असतात.

नव्या तपासणीबद्दल ऐकलंत ते खरं आहे. या आजारात अल्फा-सिन्युक्लिन नावाचं प्रथिन चुकीची घडी घेतं आणि शेजारच्या प्रथिनालाही तशीच घडी घालायला लावतं, विरजण लागावं तसं. पाठीतल्या पाण्यात असं विरजण असेल, तर प्रयोगशाळेतल्या चांगल्या प्रथिनाच्याही गुठळ्या होतात. २०२३ मध्ये हजाराहून अधिक लोकांवरच्या अभ्यासात पार्किन्सनच्या सुमारे ८८ टक्के रुग्णांमध्ये ही तपासणी होकारार्थी आली. वास गेलेल्यांमध्ये त्याहून जास्त, पण एलआरआरके-२ जनुकात दोष असलेल्यांमध्ये बरीच कमी. म्हणजे नकारार्थी आली तरी आजार नाही असं म्हणता येत नाही, आणि होकारार्थी आली तरी गोळी तीच. नव्या औषधांच्या चाचण्यांसाठी योग्य माणसं निवडायला ती मोलाची आहे. बाबांच्या पाठीत सुई घालायला मी सांगणार नाही. पुढे कंप पार्किन्सनचाच का, अशी शंका राहिली, तर डॅट स्कॅनचा, म्हणजे मेंदूतल्या डोपामिनच्या पेशी कितपत शाबूत आहेत हे दाखवणाऱ्या तपासणीचा, विचार करता येईल.

आता गोळी. लेव्होडोपाचं मेंदूत डोपामिन होतं. ‘जपून ठेवू’ हे मीही रुग्णांना वर्षानुवर्षं सांगत आलो, आणि त्यात बऱ्याच जणांचे चांगले महिने वाया घालवले. २०१९ मध्ये ४४५ रुग्णांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. निम्म्यांना लेव्होडोपा लगेच, उरलेल्यांना ४० आठवडे उशिरा. ८० आठवड्यांनी दोन्ही गट सारखेच निघाले. लवकर घेऊन आजाराचा वेग कमी झाला नाही, पण वाढलाही नाही. पुढे गोळीचा असर लवकर उतरू लागतो, अंग वेडंवाकडं हलू लागतं, हे खरं. त्यामागे मुख्यतः आजाराचा काळ आणि डोसचं प्रमाण असतं. गोळी शिल्लक ठेवून तो काळ लांबत नाही.

आजाराचा वेग कमी करणारं औषध मात्र अजून हाती नाही. मधुमेहाच्या एक्सेनाटाइड इंजेक्शनवर माझीही आशा होती. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत फायदा दिसला नाही.

बटणं लावताना बाबांची एक चित्रफीत काढून ठेवा. गोळी डॉक्टरांनी सांगितलेल्या डोसने सुरू करा, शक्यतो जेवणाआधी अर्धा तास, कारण जेवणातली प्रथिनं तिच्या वाटेत येतात. सुरुवातीला मळमळलं तर सोबत थोडं हलकं खाल्लेलं चालेल. एकदा सुरू केली की स्वतःच्या मनाने अचानक बंद करू नका. महिन्याभराने तीच बटणं, तशीच दुसरी चित्रफीत, आणि दोन्ही डॉक्टरांना दाखवा.