रॅम 16 जीबी, तरी 30 लाखांचा ॲरे स्टॅकवर का मावत नाही?

तुमचा प्रश्न असा, की लिनक्सवर मेनमध्ये 20 लाख इंटचा ॲरे चालतो, 30 लाखांचा घेतला की सेगमेंटेशन फॉल्ट, म्हणजे प्रोग्राम मध्येच बंद पडतो. मग 16 जीबी रॅम काय कामाची? सांगलीत विश्रामबागला मी सीची प्रॅक्टिकल घेतो, तिथेही पोरं आधी रॅमच मोजतात. पण इथे रॅमचा संबंधच नाही.

फंक्शनच्या आतले चल ज्या मेमरीत राहतात त्या स्टॅकला बहुतेक लिनक्सवर 8 एमबी, म्हणजे 83,88,608 बाइटची मर्यादा असते. टर्मिनलमध्ये युलिमिट या मर्यादा दाखवणाऱ्या कमांडला विचारा, तो केबीमध्ये 8192 सांगेल. एक इंट 4 बाइटचा, म्हणून 20 लाख इंट म्हणजे 80 लाख बाइट, जेमतेम बसले. 30 लाखांचे 1 कोटी 20 लाख होतात.

आता गंमत अशी, की हे 8 एमबीसुद्धा कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, आधी काढून ठेवत नाही. प्रोग्राम सुरू होताना साधारण 132 केबीचा पत्त्यांचा पट्टा स्टॅकच्या नावे लागतो, आणि त्यातलीही खरी रॅम हात लावाल तेवढ्याच पानांना, म्हणजे मेमरीच्या ठरावीक तुकड्यांना, मिळते. इंटेल-एएमडीवर एक पान 4 केबीचं. तुमचा ॲरे जाहीर झाला तेव्हा फक्त स्टॅक कुठवर आला हे दाखवणारा स्टॅक पॉइंटर खाली सरकला, कारण स्टॅक खालच्या पत्त्यांकडे वाढतो. कर्नलला पत्ताही नाही. पुढे पट्ट्याच्या खालच्या पत्त्यावर कोणी लिहायला गेलं की पेज फॉल्ट होतो, म्हणजे तिथे पान नाही म्हणून प्रोसेसर कर्नलला हाक मारतो. मग कर्नल बघतो: वरचा पट्टा खाली वाढणारा आहे का, मर्यादेत आहे का? असेल तर पट्टा वाढवून पान देतो, प्रोग्रामला कळतही नाही. नसेल तर प्रोग्रामला सिग्नल, तोच सेगमेंटेशन फॉल्ट. म्हणून तुमचा प्रोग्राम ॲरेच्या ओळीवर न पडता पुढच्या निरुपद्रवी प्रिंटएफवर (छापण्याच्या फंक्शनवर) पडतो, आणि माणूस तासभर प्रिंटएफ तपासत बसतो.

स्टॅकखाली आणखी 256 पानं, म्हणजे 1 एमबी, मोकळी राखलेली असतात. कृष्णाकाठच्या निळ्या पूररेषेच्या आत बांधकाम नको, तसंच हे. पूर्वी एकच पान असायचं. मोठा ॲरे ते ओलांडून थेट शेजारच्या मेमरीत उतरू शकतो, हे 2017 मध्ये ‘स्टॅक क्लॅश’ या सुरक्षेतल्या त्रुटीने दाखवलं, तेव्हा अंतर वाढवलं.

फंक्शन संपलं तरी घेतलेली पानं स्टॅककडेच राहतात, हेही लक्षात असू द्या. आणि कर्नल स्वतः किती काटकसरी! 64-बिट इंटेलवर त्याचा स्वतःचा स्टॅक दर थ्रेडमागे (प्रोग्राममधल्या एकाच वेळी चालणाऱ्या दर धाग्यामागे) 16 केबी, तोही न वाढणारा.

‘युलिमिट अनलिमिटेड करा’ हा सल्ला तुम्हाला मिळेलच. मला तो पटत नाही. दुसऱ्याच्या मशीनवर प्रोग्राम पुन्हा पडेल. ॲरेपुढे स्टॅटिक लिहा, नाहीतर मॅलॉक वापरा; दोन्हींत ॲरे स्टॅकबाहेर राहतो. पीथ्रेड या लायब्ररीने थ्रेड काढणार असाल तर जास्तच जपा: त्यांचा स्टॅक लायब्ररी एमएमॅपने (कर्नलकडून मेमरी मागण्याच्या कॉलने) ठरावीक मापाचा घेते, तो असा आपोआप वाढत नाही.