पाच वर्षांची मुलगी गणपतीच्या नैवेद्याला मदत करू म्हणते, तिला कोणतं काम द्यावं?

तुम्ही लिहिलंय की मोदकांच्या दिवशी लेक सारखी मध्ये येते आणि सासूबाई म्हणतात, उकडीचा गोळा देऊन तिला बाजूला बसवा. गोळा जरूर द्या, पण खेळायला नको. आपण केलेलं पानात वाढलं जाणार आहे हे कळलं, की मुलं मन लावून करतात. लटकं काम त्यांना लगेच ओळखू येतं.

या वयाला सगळ्यांत चांगलं काम म्हणजे निवगऱ्या. उरलेल्या उकडीत जिरं, कोथिंबीर, मीठ घालून मळायचं, तेलाच्या बोटांनी लहान गोळी घेऊन तळहातावर चपटी करायची, झालं. पारी फाटायची भीती नाही, कळ्या पाडायच्या नाहीत, वेडीवाकडी झाली तरी चवीला तीच. मिरचीचं वाटण मात्र तिच्या वाट्याच्या उकडीत घालू नका, तोच हात डोळ्याला जातो. माझा मुलगा चार वर्षांचा असल्यापासून आमच्याकडच्या निवगऱ्या तोच थापतो, आणि कोकणातल्या आमच्या घरात त्या मोदकांच्या आधी संपतात.

मोदकच करायचा हट्ट असेल तर साचा द्या. आतून तूप लावायचं, उकड कडेने दाबून बसवायची, मधे सारण, खालून उकडीनेच बंद. हाताने वळलेल्या मोदकाची सर त्याला नाही असं माझं मत आहे, पण तिला ते जमेल. तांदळाच्या पिठीला गव्हासारखा चिकटपणा नसतो, म्हणून उकड वाळली की पारी चिरते. तिचा हात सावकाश चालणार, तेव्हा तिचा गोळा ओल्या फडक्याखाली ठेवा. साच्यातली पारी जाड होते, त्यामुळे तिचे मोदक दोन-चार मिनिटं जास्त वाफवा. पण वाफवायचे त्याच मोदकपात्रात, त्याच हळदीच्या पानावर, आणि नैवेद्याच्या 21 मोदकांत तिचा एक असलाच पाहिजे. वर केशराची काडी लावा, म्हणजे तिला तो ओळखता येईल.

गरम उकड मळणं आणि सारण परतणं तुमच्याकडेच ठेवा. गुळाचं गरम सारण कातडीला चिकटतं, निव्वळ पाण्यापेक्षा ते वाईट भाजतं. मोदकपात्राचं झाकण उघडताना तर तिला ओट्यापासून लांबच उभी करा, कारण वाफ नेमकी तिच्या चेहऱ्याच्या उंचीवर येते. तिला जमिनीवर पाट मांडून बसवलं तर हा प्रश्नच उरत नाही. अळूची पानंही हाताळायला देऊ नका, कच्चा अळू खाजतो.

सकाळी पूजेची घाई असते, म्हणून वेलदोडे सोलणं आणि दूर्वा मोजून जुड्या बांधणं आदल्या संध्याकाळी उरकून घ्या. 21 पर्यंत मोजायलाही ती आपोआप शिकेल.

नैवेद्याआधी चाखायचं नाही, हे तुमच्या घरी पाळत असतील तर तिला दटावण्यापेक्षा सारण करण्याआधीच थोडं खोबरं आणि गुळाचा खडा तिच्यासाठी बाजूला काढा. पानं मांडली की मीठ आणि लिंबू वाढायला तिलाच सांगा. भात जरा निवल्यावर वाटीने मूदही पाडू द्या.