पेसमेकर बसवलाय, मागावर परत कधी जाऊ?

प्रश्न : वय ५२. सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या मागावर आहे. डाव्या बाजूला पेसमेकर बसवून १५ दिवस झाले. मोटरजवळ काम चालेल का? संक्रांतीला गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजाची उंच, जड काठी पेलायची असते, त्याचं काय?

उत्तर : मोटरची धास्ती सगळेच घेतात, जपायचा असतो तो डावा खांदा. पेसमेकरच्या वायरचं टोक हृदयाच्या आत नुसतं अडकवलेलं असतं. ते तिथे पक्कं धरायला ४ ते ६ आठवडे लागतात. तोवर डावं कोपर खांद्याच्या वर नेऊ नका आणि त्या हाताने ५ किलोच्या आतलंच उचला. म्हणजे बीम (सुताचा जड रूळ) चढवायला हात लावायचा नाही, तुटलेला धागा जोडायलाही डावा हात लांब टाकायचा नाही. पण हात गळ्यात बांधूनही बसू नका. खांदा आखडला तर मोकळा व्हायला महिने जातात. कोपर, मनगट, बोटं रोज हलवत राहा.

सहा आठवड्यांनी तपासणी ठीक आली की मागावर जा. चालू मोटर आणि छाती यांच्यात फूटभर अंतर पुरतं. वेल्डिंग मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका. एक गोष्ट अनेकांना कुणी सांगत नाही : बऱ्याच पेसमेकरमध्ये हालचाल ओळखणारा सेन्सर असतो. मागाच्या चौकटीला टेकून उभं राहिलात तर त्या थरथरीला तो चालणं समजतो आणि बसल्या जागी ठोके वाढवतो. असं जाणवलं तर सांगा, सेन्सर किती संवेदनशील ठेवायचा ते मशीन लावून बदलता येतं, कापाकापी लागत नाही.

नंदीध्वज यंदा नको. काठी कलली की सावरताना सगळा हिसका खांद्यावरच येतो. बाराबंदीचा पोशाख घालून मिरवणुकीत चाला, काठी भावाकडे द्या. पुढच्या वर्षीचं डॉक्टरांना विचारून ठरवा.

जखम लाल, गरम झाली, पाझरू लागली किंवा ताप आला तर त्याच दिवशी दाखवा. हळद भरू नका, फुगवटा सुईने काढून घेऊ नका. आधीसारखी चक्कर परत आली किंवा उचकी थांबेचना, तर वायर सरकल्याची शंका घ्या.

प्रश्न : सासूबाईंना पेसमेकर आहे. इंडक्शन, मोबाइल, भाकरी... काय काय बंद करायचं?

उत्तर : जवळजवळ काहीच नाही. इंडक्शनपासून छाती दोन फूट लांब ठेवायची आणि भांडं बरोबर मध्यावर ठेवायचं. (भाकरी तशीही गॅसवरच फुगते.) पेसमेकर डावीकडे असेल तर मोबाइल उजव्या कानाला लावायचा. झोपून बोलताना तो छातीवर ठेवायचा नाही, १५ सेंटीमीटर लांब ठेवायचा. पाठीला चुंबक असलेल्या फोनच्या बाबतीत हे जास्तच पाळा, कारण चुंबक जवळ आला की पेसमेकर हृदयाचे ठोके न बघता ठरावीक वेगाने चालू लागतो. लांब केला की पूर्ववत होतो.

भाकरी पेसमेकर बसवल्यावर सहा आठवड्यांनंतर थापू द्या. जमिनीवर डावा हात टेकून उठणं तोवर टाळा. शेंगदाण्याची चटणी उखळात कुटायचं काम मात्र कायमचं मिक्सरकडे द्या. वायर कॉलरबोन आणि पहिली बरगडी यांच्या फटीतून जाते, सततच्या कुटण्याने ती तिथे चिमटून तुटू शकते.

प्रश्न : वडिलांना आयसीडी (हृदयाचा धोकादायक वेग झटका देऊन थांबवणारं, पेसमेकरसारखं यंत्र) आहे. हौदातल्या मोटरने पाणी काढताना अचानक छातीत लाथ बसल्यासारखा झटका आला. नंतर बरे आहेत. दवाखान्यात न्यायचं का?

उत्तर : न्यायचं. एकच झटका आणि त्यानंतर ठणठणीत, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा आणि यंत्र तपासून घ्या. २४ तासांत दोन झटके, किंवा एका झटक्यासोबत छातीत दुखणं, दम लागणं, शुद्ध हरपणं यांपैकी काही असेल तर वाट न बघता १०८ला फोन करा. झटक्याच्या वेळी कुणी हात धरलेला असला तर त्याला फार तर मुंग्या येतात, इजा होत नाही.

तुमच्या पत्रातला हौद आम्हाला खटकतो. मोटरची वायर खराब असली की पाण्यात करंट उतरतो. हाताला तो जाणवण्याआधीच आयसीडीला तो हृदयाचा धोकादायक वेग वाटू शकतो, मग यंत्र नको तेव्हा झटका देतं. झटक्याच्या क्षणाची नोंद यंत्रात असते, तपासणीत खरं-खोटं कळतं. तोवर मोटर बंद ठेवा, वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या. गळती ओळखणारा ३० मिलीअँपिअरचा ब्रेकर बसवा, पण त्यावर विसंबू नका, यंत्राला गोंधळवायला त्याहून कमी गळती पुरते. आणि डॉक्टर हो म्हणेपर्यंत वडिलांच्या हाती दुचाकी देऊ नका.

प्रश्न : पेसमेकर असलेली व्यक्ती गेली तर अंत्यविधीआधी काही करावं लागतं का?

उत्तर : दहन असेल तर यंत्र काढावंच लागतं. आतली बॅटरी बंदिस्त असते, आगीत ती फुटते, जवळच्यांना इजा होते. मृत्यूचा दाखला देणाऱ्या डॉक्टरांना आधीच सांगा, छोटासा छेद देऊन ते काढून देतात, वायर राहिली तरी चालते. आयसीडी असेल तर आधी मशीनने बंद करून मगच काढतात, नाहीतर काढणाऱ्यालाच झटका बसू शकतो.