जुन्या कॉम्प्लेक्सचं धाबं गळतंय. वरून नवा कोबा मारावा की सगळं उखडावं?

तुम्ही लिहिलंय की कॉम्प्लेक्स 1980 च्या दशकातलं आहे, धाबं दर पावसाळ्यात गळतं, कमिटीतले निम्मे म्हणतात आहे त्यावरच नवीन कोबा (विटांचे तुकडे आणि सिमेंटचा जाड थर) मारू आणि निम्मे म्हणतात सगळं काढा. कोणाचं ऐकावं आणि चौरस फुटाला काय दर द्यावा, असा तुमचा प्रश्न आहे. माझं उत्तर: उखडा. आधीच एकदा वरून थर पडलेला असेल तर दुसरा विचारसुद्धा करू नका.

बडोद्यात रावपुऱ्याच्या एका कॉम्प्लेक्समध्ये आमचं बाइंडिंगचं काम आहे, अगदी वरच्या मजल्यावर. 2024 च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदी 25 फुटांची धोक्याची पातळी ओलांडून 35 च्याही वर गेली, तेव्हा गावभर खालून येणाऱ्या पाण्याचीच चर्चा होती. वरच्या मजल्यावाल्याकडे पाणी दर वर्षी वरून येतं आणि त्याला कोणी विचारत नाही. आमचं काम कागदाचं. रीम भिजली की वाळवून काही उपयोग नसतो, कागद लाटा धरतो आणि घडी सरळ बसत नाही.

आमच्या धाब्यावर मूळ कोब्यावर एक जादा थर आधीच होता आणि तरी गळत होतं. सभेत मी म्हटलं, तिसरा थर घालू नका, खालचं काढा आणि आधी स्लॅब बघा. कमिटीतले एक वयस्कर काका, ज्यांचं दुकान तळमजल्यावर आहे, सगळ्यांसमोर म्हणाले, "वहिनी, तुम्ही वह्या शिवा, धाब्याचं आम्ही बघतो." लोक हसले. ठेकेदार तिथेच बसला होता, तो म्हणाला, "बेन, दस वरसनी गॅरंटी, स्टॅम्प पेपर उपर लखी आपीश." म्हणजे दहा वर्षांची गॅरंटी, स्टॅम्प पेपरवर लिहून देतो. मी सिव्हिलचा डिप्लोमा केलाय आणि लग्नाआधी एका बांधकाम ऑफिसात एस्टिमेटं काढत होते, हे त्या खोलीतल्या बऱ्याच जणांना माहीत होतं. तरी तिसरा थर पडला. वर पांढराशुभ्र चायना मोझॅक, म्हणजे फुटक्या टाइल्सच्या तुकड्यांची फरशी, फोटो काढण्यासारखा.

त्या सभेत मी जो हिशोब कागदावर नेला होता तो कोणी वाचला नाही, म्हणून इथे देते. विटांच्या तुकड्यांचा कोबा सरासरी साडेचार इंच, म्हणजे 115 मिलिमीटर धरला, तर त्याचं वजन चौरस मीटरला सव्वादोनशे किलोच्या आसपास जातं. लोकांची ये-जा असणाऱ्या सपाट छतासाठी आयएस 875 या इमारतींवरच्या भारांच्या भारतीय मानकाच्या दुसऱ्या भागात जो वापराचा भार धरलाय तो चौरस मीटरला दीडशे किलो. म्हणजे एक जादा कोबा पडला की माणसांसाठी राखलेल्या क्षमतेपेक्षा जास्त वजन कायमचं वर बसतं. तीन हजार चौरस फुटांच्या धाब्यावर ते साठ टनांच्या पुढे जातं. आणि हे वजन ज्या स्लॅबवर टाकायचं, त्याच्या सळया गळतीमुळे आधीच गंजत असतात. गंज मूळ लोखंडाच्या दुप्पट ते सहापट जागा घेतो. तोच खालचं काँक्रीट फोडून पोपडे पाडतो.

दुसरं म्हणजे, वरून थर दिल्याने पाणी जातही नाही. जुना कोबा स्पंजासारखा भरलेला असतो. भेगेतून शिरलेलं पाणी विटांच्या तुकड्यांमधून फिरत फिरत स्लॅबमध्ये जिथे फट मिळेल तिथे उतरतं, त्यामुळे खाली जिथे थेंब पडतो त्याच्या बरोबर वर भोक असतं असं समजू नका. ओल्या कोब्यावर डांबरी मेंब्रेन (पाणी अडवणारा पातळ पडदा) चिकटवलंत तर एप्रिल-मेच्या उन्हात आतल्या पाण्याची वाफ होते, मेंब्रेनला फुगे येतात आणि ते फाटतं. मग ठेकेदार म्हणतो की माल खराब आला.

आमच्याकडे पुढच्या काही पावसाळ्यांत छताच्या प्लॅस्टरचा मोठा पोपडा कटिंग मशीनवर पडला. रात्र होती म्हणून बरं, दिवसा तिथे आमचा माणूस वाकून काम करतो. त्यानंतर स्ट्रक्चरल इंजिनिअर आले, कोअर काढला, म्हणजे मशीनने आरपार गोल नमुना कापून घेतला. धाब्यावर एका कोपऱ्यात मिळून 14 इंच जाडी निघाली. तोडकाम सुरू झालं तेव्हा खालचा मूळ कोबा हाताने पिळता येईल इतका ओला होता, आणि पाऊस जाऊन कितीतरी महिने झाले होते. दोन ठिकाणी सळई बोटाने सोलता येत होती. तेव्हा कुठे सगळे गप्प झाले.

तुमच्याकडे किती थर आहेत ते कळायला इंजिनिअर येईपर्यंत थांबायची गरज नाही. कठडा मोजा. व्यापारी इमारतीच्या धाब्याचा कठडा निदान एक मीटर हवा. तुमचा मांडीपर्यंत येत असेल तर तो खाली गेलेला नाही, जमीन वर आलेली आहे. आमच्याकडे तेच झालं होतं, आणि उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीला, त्याच कठड्याला टेकून पोरं पतंग उडवत होती. जिन्याच्या केबिनचा उंबरठाही बघा. धाबं उंबरठ्याच्या बरोबरीला आलं असेल तर जोराच्या पावसात पाणी जिन्यानेच खाली येणार. मग पावसाचं पाणी खाली नेणाऱ्या पाइपांची तोंडं. चार इंची पाइपला साधारण 40 चौरस मीटर छत हा जुना ठोकताळा आहे, म्हणजे तीन हजार फुटांना सात पाइप. बहुतेक कॉम्प्लेक्समध्ये तीन-चार असतात, आणि दर नव्या थराबरोबर तोंडात अजून एक बारीक पाइप खुपसलेला असतो.

तोडताना मोठा ब्रेकर चालवू देऊ नका. स्लॅबला हादरे बसून नव्या चिरा जातात. हातातलं हलकं मशीन किंवा छिन्नी-हातोडा. मलबा एका जागी ढीग करून ठेवायचा नाही, रोजच्या रोज खाली उतरवायचा. स्लॅब उघडा पडला की गंजलेल्या सळया घासून, त्यांना लेप देऊन, पॉलिमर मॉर्टरने (पॉलिमर मिसळलेल्या सिमेंटच्या मसाल्याने) भरून घ्या, आणि नवा थर पडण्याआधी पाणी भरून निदान 48 तास ठेवा. ही चाचणी उघड्या स्लॅबवर झाली पाहिजे, मोझॅक लावून झाल्यावर नव्हे. मग वॉटरप्रूफिंग, शंभराला एक उतार, भिंत आणि धाबं मिळतं त्या कोपऱ्यात नीट वाटा, म्हणजे मसाल्याची गोलाई. उत्तरायण झालं की काम सुरू करा, म्हणजे जूनच्या आत स्लॅब कोरडा मिळतो.

देखभालीचं तुम्ही विचारलं नाहीत, पण नवं धाबं तीन वर्षांत कसं बिघडवतात ते मी पाहिलंय. उत्तरायणानंतर पाइपांच्या तोंडात मांजाचे गुंते आणि पतंगांचा कागद अडकलेला असतो आणि तो कोणी पावसाळ्यापर्यंत काढत नाही. एसीवाला येतो आणि बाहेरच्या युनिटचं स्टँड सरळ मोझॅकमध्ये ड्रिल करून बसवतो. सोलरवाला तर ओळीने भोकं पाडतो. पॅनल 25 वर्षं राहणार, म्हणून वॉटरप्रूफिंग आधी, पॅनल नंतर, आणि स्टँड काँक्रीटच्या ठोकळ्यांवर, अर्थात इंजिनिअरने त्या वजनाला होकार दिल्यावरच. धाब्याची चावी एकाच माणसाकडे असू द्या.

दराबद्दल: एकच आकडा देणाऱ्याला घेऊ नका. तोडकाम, मलबा उतरवणं, स्लॅबची दुरुस्ती, वॉटरप्रूफिंग, मोझॅक, प्रत्येकाचा दर वेगळा लिहून घ्या. स्लॅबची दुरुस्ती उघडल्यावर प्रत्यक्ष मोजून. स्टॅम्प पेपरवरच्या गॅरंटीला काडीची किंमत नाही, आमच्या गॅरंटीवाल्याचा फोनही लागला नाही. बिलातला काही हिस्सा दोन पावसाळे रोखून ठेवा, ती खरी गॅरंटी.

आता जे आधी सांगायला हवं होतं ते. धाब्यावर एकच मूळ कोबा असेल, हातोडीने ठोकल्यावर कुठे पोकळ आवाज येत नसेल आणि खाली सळया दिसत नसतील, तर भेगा भरून वरून लेप देऊन काही वर्षं निघतात, त्यासाठी उखडायची घाई नको. गळती एप्रिलमध्येही चालू असेल तर आधी टाकी आणि नळ तपासा. आणि इमारत गायकवाडी काळातली असेल, लोखंडी गर्डरांमध्ये विटांच्या कमानी आणि वर चुन्याचा कोबा, तर माझं वरचं काहीच लागू नाही. गूळ आणि बेलफळाचं पाणी घालून थापीने कुटलेला तो चुना आहे, त्यावर सिमेंट घालू नका आणि जुन्या इमारतींचा जाणकार आणल्याशिवाय एक वीटही हलवू नका.

तळमजल्यावाले म्हणतील की धाबं वरच्यांचं, पैसे वरच्यांनी द्यावेत. मान्य करू नका. स्लॅब अख्ख्या इमारतीचा आहे आणि त्याचं वजन त्यांच्याच दुकानातल्या कॉलमांवरून जमिनीत उतरतं. सभेत तुमचा विरोध नावासकट कार्यवृत्तात लिहून घ्या. माझा लिहिला गेला नव्हता, म्हणून नंतर काका म्हणू शकले की तिसऱ्या थराला सगळ्यांची संमती होती. ते अजूनही म्हणतात की थर चांगला होता, इंजिनिअरने उगाच घाबरवलं. आमच्याकडे उखडण्याचा खर्च क्षेत्रफळाप्रमाणे वाटला गेला, काकांच्या दुकानालाही तोच दर लागला, आणि त्यांनी तो भरला.